ठराव झाला, आता पंपहाऊसचे दार उघडा

प्रति,
सन्माननीय नगराध्यक्ष, सर्व सभासद आणि मुख्याधिकारी,
हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचा ठराव केलेली प्रत्येक लहान शहराची पालिका

स. न. वि. वि.

ठराव एकमताने मंजूर केलात, त्याबद्दल अभिनंदन. यात खोच नाही. पालिकेच्या सभा ज्याने बाकावर बसून ऐकल्या आहेत त्याला एकमत किती महाग असते हे ठाऊक असते. ठरावाची भाषाही चांगली आहे. अमुक सालापर्यंत पालिकेचे उत्सर्जन निम्म्यावर, तमुक सालापर्यंत निव्वळ शून्य. टाळ्या झाल्या, इतिवृत्तात नोंद झाली.

पुढे काय होते तेही मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. सायकल फेरी निघते. शाळेच्या कुंपणावर हिरवी पृथ्वी रंगवली जाते. एका रोपट्याला चौदा हात लागलेला फोटो निघतो. वर्षाने कोणी भाबडेपणाने विचारतो की किती घटले, तेव्हा सभागृहात सगळे एकमेकांकडे बघतात. उत्तर कोणालाच देता येत नाही, कारण सुरुवातीला किती होते तेच कोणी मोजलेले नसते.

माझी नोकरी ऊर्जा-तपासणीची होती. पालिका, कारखाने, दवाखाने अशा ठिकाणी जाऊन वीज कुठे जाते ते शोधायचे आणि अहवाल लिहायचा. बरेचसे अहवाल कपाटात गेले. त्या कपाटांचे काही ऋण माझ्यावर आहे असे समजून हे पत्र लिहितो आहे. म्हणणे एकच आहे: लहान शहराच्या पालिकेचे उत्सर्जन तीन-चार जागी साठलेले असते, त्या जागा तुमच्याच ताब्यात असतात, आणि तिथे बहुधा कोणी जात नाही.

आधी एक गल्लत दूर करू. 'शहराचे उत्सर्जन' आणि 'पालिकेचे उत्सर्जन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहराच्या आकड्यात घरे, दुकाने, कारखाने, रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटार येते. त्यात पालिकेचा स्वतःचा वाटा थोडाच असतो. म्हणूनच अनेक सभासद म्हणतात की आपण एवढेसे, आपल्याने काय होणार. वातावरणाच्या हिशेबाने त्यांचे खरे आहे, एका लहान शहराने आकाशाला फरक पडत नाही. पण या थोड्या वाट्यासाठी तुम्हाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. पंप तुमचे, दिवे तुमचे, कचऱ्याचा ढीग तुमचा, आणि त्या सगळ्यांचे बिलही तुम्हीच भरता. लोकांना गाड्या कमी वापरा असे सांगण्याआधी स्वतःच्या मोटरी किती खातात ते बघणे शिष्टाचाराला धरूनही आहे.

आता पंपहाऊसकडे. नदीतून किंवा तलावातून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे, उंच टाकीत चढवायचे, हे काम जिथे पालिका करते तिथे वीजबिलातला सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा याच मीटरचा असतो. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला ०.२७ युनिट वीज लागते. निसर्ग याहून कमीत काम करून देत नाही. पण पंप, मोटर आणि पाइप मिळून यापेक्षा किती जास्त घ्यायचे ते माणसांच्या हातात असते.

समजा एखादे शहर रोज ५० लाख लिटर पाणी उचलते आणि सगळी चढण धरून पंपाला ६० मीटरचा जोर लावावा लागतो. निसर्गाचा भाव रोज साधारण ८१७ युनिट. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम असतील तर मीटरवर सुमारे १,१७० युनिट दिसतील. पण इंपेलर म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे चाक झिजलेले, मोटर दोनदा रिवाइंड केलेली (जळाल्यावर तिची तार नव्याने गुंडाळलेली) आणि जोडी मुळातच चुकीच्या मापाची असेल तर कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर येते. असे पंप मी इतके पाहिले आहेत की आता आश्चर्य वाटत नाही. मग मीटरवर १,८०० च्या वर युनिट दिसतात. दोहोंतला फरक रोज साडेसहाशे युनिट, वर्षाला सव्वादोन लाखांहून जास्त. भारतासारख्या मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या ग्रिडमध्ये म्हणजे वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे एका थकलेल्या पंपाचे वर्षाला १६५ टन. वाढलेले झाड वर्षाला वीसेक किलो शोषते असे ढोबळमानाने धरतात. त्या हिशेबाने या एका पंपाची भरपाई करायला आठ हजारांहून जास्त झाडे हवीत. रोपे नव्हेत, वाढलेली झाडे. रोपे लावू नका असे माझे म्हणणे नाही. सावली लागतेच. पण उत्सर्जनाच्या वहीत त्यांना पंपाच्या वरच्या ओळीत लिहू नका.

(नॉर्वेसारख्या जलविद्युतवर चालणाऱ्या देशात हाच पंप जवळपास निर्दोष ठरेल, कारण तिथे युनिटमागे उत्सर्जन नगण्य असते. म्हणून दुसऱ्या शहराचे टनातले आकडे उचलून आपल्या ठरावात घालू नयेत. युनिट मोजा, मग आपल्या ग्रिडचा गुणक लावा.)

पंपहाऊसमध्ये गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. पंपापुढचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? पंप खरेदी करताना 'पुढे शहर वाढेल' म्हणून मोठा घेतलेला असतो. शहर त्या मानाने वाढत नाही, टाकी ओसंडू लागते, म्हणून चालक व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवतो. वर्षानुवर्षे. हे म्हणजे बैल रहाटाला जुंपायचे आणि त्यांचे दावे खुंट्याला बांधून ठेवायचे. यावर उपाय आहे. पाण्याचा प्रवाह मोटरच्या गतीच्या प्रमाणात बदलतो, पण वीज गतीच्या घनाच्या प्रमाणात. गती २० टक्क्यांनी कमी केली तर लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. मात्र हा घनाचा नियम पूर्ण लागू पडतो तो जोर मुख्यतः पाइपातल्या घर्षणावर खर्च होत असेल तिथे. सरळ उंचीच चढायची असेल तर बचत कमी होते, आणि गती फार उतरवली तर पाणी वर पोचतच नाही. गती बदलणारे ड्राइव्ह विकायला येणारा माणूस हे दुसरे वाक्य सांगत नाही, म्हणून मी सांगतो. अनेक ठिकाणी ड्राइव्हची गरजही नसते. इंपेलर योग्य मापाला कातून घेतला किंवा सरळ लहान पंप बसवला की भागते.

आणि गळती. उचललेल्या पाण्यातले एक तृतीयांश वाटेत मुरत असेल तर एक तृतीयांश वीजही तिथेच मुरली. जलवाहिनीची गळती काढणे हे कोणत्याही हवामान कृती आराखड्याच्या मुखपृष्ठावर येत नाही. खड्डा खणलेला फोटो कोणाला आवडेल? तरी माझ्या अनुभवात कपातीचा सर्वांत स्वस्त टन बहुधा त्याच खड्ड्यात सापडतो.

एका पंपहाऊसची आठवण सांगतो. गाव सांगत नाही. तिथल्या चालकाने अकरा वर्षे रोजच्या नोंदी एका जाड वहीत लिहून ठेवल्या होत्या: चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, मीटरचे वाचन, दाब. सरळ रेघा मारलेल्या, लाल शाईने महिन्याची बेरीज. मी ती वही मागितली तेव्हा तो आधी घाबरला, काही चूक काढायची आहे असे त्याला वाटले. वहीत स्पष्ट दिसत होते की चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तेवढेच पाणी चढवायला पंप जवळजवळ दीडपट वेळ घेऊ लागला होता. गाळ आत जाऊन इंपेलर खाल्ला गेला होता. सात वर्षे ती गोष्ट त्या वहीत लिहिलेली होती आणि पालिकेत ती कोणी वाचली नव्हती. बिल लेखा विभागात जायचे, वही पंपहाऊसमध्ये राहायची, आणि दोघांची कधी गाठ पडत नव्हती. नंतर कळले की माझा अहवालही तसाच कुठेतरी राहिला.

तुमच्याकडेही अशी वही असणार.

पथदिव्यांवर फार लिहीत नाही, कारण हे काम बहुतेक ठिकाणी झाले आहे किंवा होऊ घातले आहे. ७० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट ८५ वॅटच्या आसपास घेतो, त्याच्या जागी ३०-३५ वॅटचा एलईडी चालतो. वर्षाला सुमारे चार हजार तास दिवा जळतो. दोन हजार खांब असतील तर चार लाख युनिटची बचत, म्हणजे वरच्या पंपाहून जास्त. चांगलेच आहे. पण बदलल्यानंतर दोन गोष्टी होतात. दिवे स्वस्तात जळतात म्हणून खांब वाढतात, चौकाचौकात उंच मनोरे उभे राहतात, आणि वाचलेली वीज पुन्हा उजेडातच जाते. दुसरे म्हणजे टायमर बिघडतो. भर दुपारी जळणारे दिवे सगळ्यांना दिसतात, पण तक्रार कोणाकडे करायची ते कोणाला माहीत नसते. वायरमनला विचारा, दिव्यांच्या कोणत्या वाहिन्या (फीडर) दिवसा चालू असतात ते त्याला तोंडपाठ असते.

कचऱ्याच्या ढिगाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे वीजमीटर नाही आणि म्हणून तो आकडा कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही.

ओला कचरा उघड्यावर हवेत कुजला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. वनस्पतीने हवेतून घेतलेलाच तो, हिशेबात धरत नाहीत. तोच कचरा खोल ढिगात दाबला गेला, हवा तुटली, की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या मापाने अशा मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७ किलोंइतकी उष्णता अडवतो, वीस वर्षांच्या मापाने तर जवळपास ८० किलोंइतकी. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने म्हणजे आयपीसीसीने २००६ साली दिलेल्या हिशेबपद्धतीत एक साधा भेद आहे: कोणतीही व्यवस्था नसलेला ढीग पाच मीटरपेक्षा खोल असेल तर मिथेनचा गुणक (पूर्ण हवाबंद ढिगाला १ धरून) ०.८ आणि उथळ असेल तर ०.४. म्हणजे कचरा तोच, ढीग उंच केला की मिथेन दुप्पट. या पद्धतीने खोल ढिगातल्या एक टन अन्नकचऱ्याचे, पुढच्या काही वर्षांत मिळून, साधारण ४० किलो मिथेन होते. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत टनाला टनाहून थोडे जास्त.

आता तुमचे शहर रोज दहा टन ओला कचरा ढिगावर नेत असेल तर गणित तुम्हीच करा. पंप आणि दिवे दोन्ही मागे पडतात.

म्हणून ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत करणे किंवा बंद टाकीत कुजवून तो वायू जाळणे याला हवामानाच्या हिशेबात फार वजन आहे. अट एकच, कचरा खरोखर वेगळा राहिला पाहिजे. घराघरातून दोन डब्यांत आलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जाताना ज्या माणसाने पाहिला तो दुसऱ्या दिवसापासून दोन डबे ठेवत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. गाडीला मधोमध पत्रा लावण्याचा खर्च किरकोळ आहे. वायू-प्रकल्पाचे उद्घाटन त्या पत्र्याच्या आधी करू नका. प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यावर टाकी चालत नाही, महिन्याभरात तुंबते, आणि मग तो प्रकल्प गवतात उभा राहतो. खतातही हवा खेळली पाहिजे. न पलटलेला, चिखल झालेला खताचा ढीग हा लहान कचरा डेपोच असतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तिथली निम्मी किंवा त्याहून अधिक वीज पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर जाते. विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे यंत्र चालू आहे का ते बघा. ते बंद असले की ब्लोअर चोवीस तास पूर्ण जोराने चालतात, कारण चालकाला पाण्याचा नमुना नापास होण्याची भीती असते आणि जास्त बिल आल्याबद्दल त्याला कोणी बोलत नाही. मात्र हवा अंदाधुंद कमीही करू नका. नायट्रोजनचे विघटन अर्धवट राहिले तर नायट्रस ऑक्साइड निघतो आणि त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंच्या तोडीचा. वीज वाचवून वायू वाढवल्यासारखे होईल. हे काम केंद्रावरच्या रसायनतज्ज्ञाचे आहे, सभागृहाने त्यात ठराव करू नये.

गाड्यांकडे वळतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. (लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी, मग २.७ किलो कसे, असा प्रश्न एका सभासदाने मला भर सभेत विचारला होता. चांगला प्रश्न होता. बाकीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे.) कचरागाडीचा मार्ग नीट आखणे, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे, हे करा. विजेवरच्या गाड्या घ्या, लहान शहरातले अंतर त्यांना सोयीचे असते. पण इथे मला हिशेबातल्या एका पळवाटेबद्दल सांगायचे आहे, कारण ती मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

पालिका कचरा उचलण्याचे काम ठेकेदाराला देते. गाड्या त्याच्या, डिझेल त्याचे. पुढच्या वर्षीच्या अहवालात पालिकेचा इंधनवापर एकदम घसरतो आणि 'वाहन उत्सर्जनात ८० टक्के कपात' असे फलकावर येते. धूर त्याच गल्लीतून, त्याच वेळी निघतो आहे. उत्सर्जनाच्या हिशेबात यासाठीच तीन कप्पे केलेले आहेत: स्वतः जाळलेले इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि आपल्यासाठी इतरांनी केलेले उत्सर्जन तिसऱ्यात. शहरांच्या हिशेबाची जागतिक पद्धत २०१४ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी मिळून प्रसिद्ध केली, तिच्यातही तीन कप्पे आहेत, फक्त ते शहराच्या हद्दीवरून पाडलेले. तिसरा कप्पा सगळा भरणे अवघड असते हे मान्य. पण कचरा, पाणी आणि दिवे ही कामे पालिकेची आहेत, ती कोणाकडून करून घेतली याने काही बदलत नाही. ठेक्याच्या करारात एक ओळ घाला: दरमहा किती लिटर इंधन आणि किती युनिट वीज वापरली ते बिलासोबत द्यावे, नाहीतर बिल मंजूर होणार नाही.

दुसरी पळवाट पायाभूत वर्षाची, म्हणजे ज्याच्याशी ताडून कपात मोजायची त्या वर्षाची. ज्या वर्षी आकडा अवाजवी फुगलेला होता ते वर्ष निवडले की पुढे काही न करता कपात दिसते. उलट २०२० घेतले तर कार्यालये बंद असल्यामुळे पुढची सगळी वर्षे वाईट दिसतील. तीन साधारण वर्षांची सरासरी घ्या, ती जाहीर करा, आणि मग तिला हात लावू नका. मोजण्याची पद्धत सुधारली तर जुना आकडाही नव्या पद्धतीने काढा. मंडळ बदलले म्हणून पाया बदलणे हे तर मला अप्रामाणिकपणाच वाटतो.

तुम्ही अभ्यास दौऱ्याला जाणार असाल (जालच), तर ऑस्ट्रियातल्या गुसिंगची गोष्ट पूर्ण ऐकून या. हंगेरीच्या सीमेजवळचे चारेक हजार वस्तीचे गाव, गरीब भाग. १९९० च्या सुमारास नगरमंडळाने ठरवले की खनिज इंधन सोडायचे. पहिली पायरी अगदी रुक्ष होती: सरकारी इमारतींची उष्णतागळती बुजवणे, दिवे बदलणे. तेवढ्यानेच ऊर्जाखर्च जवळजवळ निम्म्यावर आला. मग लाकडाच्या चुऱ्यावर चालणारी उष्णतावाहिनी (एका जागी पाणी तापवून ते पाइपांनी घरोघरी नेणारी व्यवस्था) आली आणि २००१ साली लाकडापासून वायू करून वीज बनवणारा प्रकल्प. जगभरातून शिष्टमंडळे आली ती हा प्रकल्प बघायला. अनुदानित दराचा आधार सुटल्यावर पुढे तोच प्रकल्प परवडेनासा होऊन बंद पडला. बुजवलेल्या भेगांचे मात्र काही बिघडले नाही, त्यांना अनुदान लागत नाही. शिष्टमंडळांनी भेगांचे फोटो काढले नव्हते.

स्वीडनमधल्या वेक्श्यो शहराने १९९६ साली, सर्व पक्षांच्या संमतीने, खनिज इंधनमुक्त होण्याचे ठरवले. त्यांचा गुण मला असा वाटतो की ते दरवर्षी मोजत राहिले, आणि जे जमले नाही तेही छापत राहिले. घरे तापवण्याचे उत्सर्जन झपाट्याने उतरले, कारण उष्णतावाहिनी पालिकेच्या कंपनीच्या हातात होती. वाहतुकीचे रेंगाळले, कारण मोटारी लोकांच्या हातात होत्या. जे आपल्या ताब्यात ते आधी हलते, हे तिथेही तसेच.

पैशाचे काय, हा प्रश्न येणारच. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने १९९५ पासून वापरलेली युक्ती लहान पालिकेलाही जमण्याजोगी आहे. ऊर्जाबचतीसाठी पालिकेने स्वतःचाच एक निधी काढला. शाळेला नवी बॉयलर-व्यवस्था हवी असेल तर पैसे या निधीतून द्यायचे, आणि शाळेच्या बिलात जी बचत होईल ती दरवर्षी निधीत परत, रक्कम फिटेपर्यंत. मग तोच पैसा पुढच्या कामाला. बाहेरचे कर्ज नाही, बाहेरचा नफा नाही. नेहमी घडते ते उलट: पाणीपुरवठा विभागाने वीज वाचवली की पुढच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद तेवढीच कापली जाते. बचत करणाऱ्यालाच शिक्षा. असे एकदा झाले की तो विभाग पुन्हा कधी बचत दाखवत नाही.

सर्वांत कमी दराच्या निविदेबद्दलही बोलायला हवे. सतत चालणारी मोटर आपल्या किमतीइतकी वीज काही महिन्यांतच खाते आणि मग पंधरा-वीस वर्षे खातच राहते. तरी निविदेत तुलना होते ती फक्त खरेदीकिमतीची. मुख्याधिकाऱ्यांची अडचण मला कळते, स्वस्त सोडून महाग घेतले की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. पण निविदेतच लिहिले की तुलना दहा वर्षांच्या वीजखर्चासकट होईल, तर सर्वांत कमी दर म्हणजे काय हेच बदलते, आणि नियमही मोडत नाही. सोबत अट हवी की पंप बसवल्यावर जागेवर कार्यक्षमता मोजूनच शेवटचा हप्ता मिळेल. कारखान्यातले प्रमाणपत्र पुरे मानू नका.

छतावरच्या सौरपट्ट्या जरूर लावा, पण पंप दुरुस्त केल्यावर. आधी लावल्या तर ४५ टक्क्यांच्या पंपाला पुरेल एवढ्या लावाव्या लागतील. लावल्यावर पाणी शक्यतो दिवसा चढवा. उंच टाकी ही शहराच्या मालकीची सर्वांत मोठी बॅटरी आहे, तिला रसायन लागत नाही आणि ती झिजत नाही. एवढ्यासाठी फक्त चालकांच्या पाळ्या बदलाव्या लागतात. हे पट्ट्या लावण्यापेक्षा अवघड निघेल असा माझा अंदाज आहे.

सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रांवरून सभासदांत वाद होतात म्हणून तेवढे सांगतो. त्यांची वीज पंपाच्या मानाने किरकोळ असते. पण जुन्या यंत्रातला वायू गळू देऊ नका. अशा यंत्रांत बरेचदा असणारा आर-४१०ए हा शीतक वायू कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून तीव्र आहे. किलोभर गळला तर सातशे लिटरांहून जास्त डिझेल जाळल्यासारखे. मेकॅनिक 'गॅस भरून देतो' म्हणाला तर आधीचा कुठे गेला ते त्याला विचारा.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, आणि व्हावे असे मी म्हणतही नाही. पहिल्या वर्षी फक्त मोजा. पालिकेच्या नावावर वीजमीटर किती आहेत याची यादी करा. पाडलेल्या इमारतीचे, बंद पडलेल्या कारंज्याचे, कोणालाच न आठवणाऱ्या खोलीचे बिल भरले जात असल्याचे हमखास सापडेल. मग बारा महिन्यांची बिले, इंधनाच्या पावत्या आणि कचऱ्याची वजने एका तक्त्यात मांडा. एक हुशार कारकून आणि दोन महिने, यापेक्षा जास्त काही लागत नाही. सल्लागार नेमायचाच असेल तर हा तक्ता तयार झाल्यावर नेमा, नाहीतर तो तुमचीच बिले तुम्हाला रंगीत करून विकेल. मीही त्यातलाच होतो, म्हणून सांगतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एकच विषय घ्यावा अशी विनंती आहे: तो तक्ता वाचून दाखवणे. त्या दिवशी पंपचालक, वायरमन आणि कचरा डेपोवरचा मुकादम यांना सभागृहात बोलवा, मागच्या बाकावर नको, आकडा वाचणाऱ्याच्या शेजारी बसवा. चालकाला वही सोबत आणायला सांगा. पाळी सोडून यावे लागेल, तेव्हा पंपावर बदली माणूस आधी पाठवा, नाहीतर त्या संध्याकाळी टाकी भरायची राहून जाईल आणि दुसऱ्या दिवशी सभा पाण्यावरूनच गाजेल.

आपला,
एक निवृत्त ऊर्जा-तपासनीस